दसऱ्याची बाटली

आमच्या मखमलाबादच्या मळ्यांत दसरा तोंडावर आला की बायका बाटली घ्यायच्या. दचकू नका, बाटली म्हणजे सलाईन. झेंडूची तोडणी, मग माळा, मग नाशकात नदीच्या घाटावरच्या फूलबाजारात दिवसभर उन्हात बसणं, एवढं सगळं निभवायचं तर अंगात ताकद हवी. आणि ताकद भाकरीत नसते, दुधात नसते, ती बाटलीत असते, अशी आमच्या शिवाराची पक्की समजूत होती. गावातले धनराज डॉक्टर तोडणीच्या आदल्या दिवशी स्कूटरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकावून यायचे. आमच्या कांदा साठवायच्या चाळीच्या वाशांना खिळे ठोकलेले असायचे, खाली ओळीनं खाटा. बायका हात पुढे करून आडव्या व्हायच्या, वर बाटल्या लटकायच्या, आणि गप्पा अशा रंगायच्या की हळदीकुंकवालाही तशा रंगत नाहीत. वर्षातून तेवढी एकच दुपार त्यांना कोणी 'ऊठ' म्हणत नसे, त्यामुळे त्यांना खरंच बरं वाटायचं. मला ते कळत होतं, म्हणून मी हसून सोडून द्यायचे.

त्यातही मानपान होता. साधी बाटली पांढरी. डॉक्टरांनी तिच्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळलं की ती पिवळी व्हायची. पिवळी ज्या खाटेवर लटकली ती बाई मोठी. आमच्या सासूबाईंना, म्हणजे वत्सलाबाईंना, दरवर्षी पिवळीच लागायची आणि खाटही सगळ्यांच्या पुढची लागायची.

मी मोहिनी. शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "बरं झालं, घरात फुकट इंजेक्शन." तेव्हापासून आमचं दोघींचं कधी पटलं म्हणून नाही. मी ड्यूटीवरून आले की त्या ओट्यावरून म्हणायच्या, "आली नरसबाई. आता आमाला शिस्त लावंल." मी म्हणायचे, "तुम्हांला नाही लावायची तर कोणाला?" चहाच्या आधी एक भांडण झालं नाही तर आम्हां दोघींनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माझे मिस्टर, हिरामण, अशा वेळी गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलत बसायचे.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याची.

त्या वर्षी आठवडाभर आधीपासून सासूबाईंचं काहीतरी बिनसलं होतं, आणि ते मला कोंबड्यांवरून कळलं. विहिरीवरून घराकडे येताना त्या शेवग्याखाली थांबून कोंबड्यांना शिव्या द्यायला लागल्या. शिव्या नव्या नव्हत्या, कोंबड्याही त्याच होत्या. पण आजवर ही बाई चालता चालता शिव्या द्यायची, डोक्यावर हंडा घेऊनसुद्धा. आता शेवग्याच्या बुंध्याला हात टेकून द्यायची, आणि शिवी झाली तरी उभीच राहायची. मग मी नीट बघायला लागले. पायातल्या चपला गेल्या होत्या आणि हिरामणच्या चपला आल्या होत्या. बोटांतली जोडवी साबण लावून काढून ठेवली होती. झोपताना त्या खाटेवर जायच्याच नाहीत, गव्हाच्या पोत्यांना टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायच्या. आडवं झालं की खोकल्याची उबळ येते, म्हणे. एकदा तेल लावायच्या निमित्तानं मी त्यांची नडगी अंगठ्यानं दाबली. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"आई, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

"दसरा झाल्यावर."

"दसरा पुढच्या वर्षीही येतो."

"जागा येत नाय," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. घाटावर पायऱ्यांच्या तोंडाशी सासूबाईंची बसायची जागा होती. सासरे गेल्यापासून त्या तिथे बसत. ती जागा कोणी लिहून दिलेली नव्हती. जो दसऱ्याला बसतो त्याची, असा तिथला रिवाज, आणि एक दसरा चुकला की दुसऱ्याची पथारी पडलीच म्हणून समजा. त्या जागेवर त्यांनी हिरामणला वाढवलं, विहीर खणली, मला सून करून आणलं. मी हिरामणना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "अशक्तपणा हाय तिला. परवा बाटली लागली की होईल टकाटक." मी म्हटलं, हा अशक्तपणा नाही, हा हृदयाचा आजार दिसतोय. ते गोठ्यात गेले.

परवाच्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती. संपवून दुपारी घरी आले तर चाळीत बाजार भरलेला. खाटा टाकल्या होत्या, बायका आल्या होत्या. गोजराकाकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, पांढरी बाटली लावून घेऊन ऐटीत पडल्या होत्या. पुढच्या खाटेवर सासूबाई. आडव्या नव्हत्या. पाठीशी दोन गोधड्यांच्या गुंडाळ्या लावून बसल्या होत्या. ओठांवर निळसर झाक आली होती. नाकपुड्या फुलत होत्या. डोक्यावर खिळ्याला पिवळी बाटली लटकत होती आणि धनराज डॉक्टर त्यांच्या हातावर वाकून शीर शोधत होते. सुजलेल्या हातात शीर कुठून दिसणार?

"आल्या बघा सिस्टर!" डॉक्टर मला बघून सरळ झाले. "शीर काही सापडंना. तुमचा हात हलका आहे, तुम्हीच लावा."

आणि त्यांनी सुई माझ्या हातात दिली. सगळ्या खाटांवरच्या माना माझ्याकडे वळल्या.

आम्हांला शिकवायला एक जुन्या मेट्रन होत्या. त्या सांगायच्या, हुकूम कोणाचाही असू दे, सुई टोचणारा हात तुझा आहे, तो दुसऱ्याचा म्हणून कधी वापरू नको. परीक्षेत याला मार्क नव्हते. पण त्या दुपारी मला दुसरं काही आठवलं नाही.

"मी नाही लावणार," मी म्हटलं. "आणि कोणीही लावायची नाही."

"का?" गोजराकाकू खाटेवरूनच म्हणाल्या.

"कारण आईंच्या अंगात पाणी कमी नाही झालेलं, जास्त झालंय. पाय बघा. हृदयाला ते ओढून पुढे ढकलवत नाहीये, म्हणून छातीत साचतंय, म्हणून दम लागतोय. वरून आणखी एक बाटली सोडली तर बसल्या जागी बुडतील त्या."

"ऐका!" काकू बाकीच्या बायकांना म्हणाल्या. "कोरड्या खाटंवर माणूस बुडतं व्हय?"

बायका हसल्या. धनराज डॉक्टर हसले नाहीत. त्यांची नजर सासूबाईंच्या पायांवर गेली, तिथे थोडी थांबली आणि उठली. माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला कोणाच्याही दारी यायचा. त्याला काही कळत नव्हतं असंही मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं लोकांनी मागितलं ते देत आला होता, आणि नाही म्हणायची जीभ त्याची गंजली होती.

"अहो सिस्टर, हळूहळू सोडू ना," ते माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले. "अगदी थेंब थेंब. सगळ्यांना लावली आणि आईंना नाही, बरं दिसतं का? पेशंटचं समाधान पण बघावं लागतं."

"समाधान पेढ्यानंही होतं. पेढा द्या."

आता गोजराकाकू उठून बसल्या. हातातली नळी सांभाळत त्यांनी तोंड सोडलं. "साऱ्या नाशकाच्या म्हाताऱ्यांना सुया टोचती आन् घरच्या सासूला मात्र नाय! बरोबर हाय बाई. सासू गेली म्हंजी घाटावरची जागा हिचीच."

हे मला लागलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं, आणि रागानं ते तिथल्या तिथे वाळलंही. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून हिरामण वावरातून आले. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मोहिनी, लावून टाक. लोकांपुढं तमाशा नको."

"तुम्ही आईचे ओठ बघितले का?"

"डाक्टर हायेत ना इथं! तू काय डाक्टर हायेस का?"

"नाही. म्हणूनच म्हणते दवाखान्यात न्या."

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या गप्प आहेत हेच माझ्या काळजाला घरं पाडत होतं, कारण ही बाई स्वतःच्या लग्नात अंतरपाटापलीकडूनसुद्धा बोलली असणार. आता त्यांनी तोंड उघडलं. "लाव गं..." मग श्वास. "तोडणी..." मग श्वास. "उद्या हाय."

मला भीती वाटत होती. लोकांना वाटतं नर्सला भीती नसते. मला दिसत होतं, टेम्पोत घालून नेताना वाटेत काही झालं तर सुनेनं मारली म्हणून जन्मभर ऐकावं लागणार. आणि बाटली लावून त्या गेल्या असत्या, तर कोणी चकार शब्द काढला नसता. डॉक्टर होते, पिवळी बाटली होती, सगळं केलं, दैवात नव्हतं! बाटली लावून मेलेल्या माणसाचं खापर कोणावर फुटत नाही. सगळं गाव त्या सोप्या वाटेनं चाललं होतं आणि मलाही हाताला धरून नेत होतं. माझी पिशवी खांद्यावर होती, तिच्यात डबा आणि छत्री. लघवी सुटायची गोळी तिच्यात नव्हती, आणि असती तरी मी आपल्या मनानं दिली नसती, तो माझा अधिकार नाही. पण ही बाटली न लावणं हे मात्र माझंच काम होतं.

"बरं, मीच बघतो परत," म्हणत डॉक्टरांनी माझ्या हातातली सुई घेतली आणि ते खाली वाकले.

मी चपला काढल्या, खाटेच्या कडेच्या लाकडावर पाय दिला, खिळ्यावरची बाटली उतरवली, नळी ओढून काढली, आणि चाळीच्या कडेच्या पाटात उलटी धरली. बाटली चांगली दाबली. पिवळं पाणी बुडबुड करत झेंडूच्या सरीत गेलं.

मग गोजराकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला, "पिवळी ओतली गं, पिवळी!" आणि एकच कालवा झाला. हिरामणचा चेहरा लालबुंद झाला होता. लग्नात नाही, भांडणात नाही, कधीच मी तो तसा पाहिला नव्हता.

"तू या घरात राहायचं नाय," ते म्हणाले.

"बरं. नाही राहत. आधी टेम्पो काढा."

"मी नाय... येत," सासूबाई म्हणाल्या. रागानं त्या थरथरत होत्या. मला वाटतं, पिवळी ओतल्याचा राग त्यांना आजारापेक्षा मोठा होता. "माझी... जागा..."

मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. मागे सगळे ओरडत होते, पण आम्हां दोघींना भांडणात बोलायची सवय होती. "जागेवर मी बसते. परवा सकाळपासून. सुट्टी घेतलीये."

"तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फुलं... मोजता येत्यात?"

"नाही."

"भाव... करता येतो?"

"नाही. पण भांडता येतं."

नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याची शीर उडत होती. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला, उठायला.

"तेवढं... पुरं," त्या म्हणाल्या.

हिरामणनी टेम्पो काढला. आईनं स्वतःच उठायचं ठरवलं होतं. टेम्पोत फुलांच्या रिकाम्या पाट्या भरलेल्या होत्या. त्यांची उतरंड करून मी सासूबाईंना टेकून बसवलं, पाय खाली सोडले. गोजराकाकू हाताची नळी उपटून धावत आल्या आणि त्यांना आडवं करायला लागल्या, "निजव की गं तिला, आराम पडंल!" मी त्यांचा हात बाजूला केला, जरा जोरातच. वाटभर सासूबाईंचं डोकं माझ्या छातीवर होतं. त्यांच्या छातीत उकळत्या भातासारखा आवाज येत होता. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी हिरामणना 'गिअर बदला' एवढंच म्हणत राहिले.

आमच्याच दवाखान्यात नेलं. बसवूनच ठेवलं, ऑक्सिजन लावला, पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं. दिवेलागणीपर्यंत त्यांनी इतक्या वेळा भांडं मागितलं की वॉर्डातली मावशी वैतागली. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी हृदयाची तपासणी करून सांगितलं, झडप अरुंद झालीये, औषधं कायमची, पुढे ऑपरेशनचंही बघू, पण वेळेवर आणलंत. हिरामण तिथेच उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा आणू का?" आमच्या घरात याला माफी म्हणतात. मी चहा घेतला, पण लगेच गोड झाले नाही. तपासणीत काही निघालं नसतं, साधा खोकला निघाला असता, तरी त्या ओठांचा रंग बघून मी ती बाटली ओतलीच असती. निकाल लागल्यावर बरोबर ठरणं सोपं असतं. मला ते चाळीत, सगळ्यांचे डोळे अंगावर असताना ठरवावं लागलं होतं.

दसऱ्याला मी घाटावर बसले. तोडणी शेजारपाजारच्या बायकांनी मिळून उरकली होती, मला नावं ठेवत का होईना. पहाटेच पायऱ्यांच्या तोंडाशी पथारी टाकली तर शेजारचा बहिरू फुलवाला म्हणाला, "वत्सलाबाई नाय ना या साली? मग जरा सरका तिकडं." आणि आपल्या पाट्या माझ्या पथारीवर सरकवायला लागला. मी त्याची पाटी उचलून त्याच्याच पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "वत्सलाबाई पुढच्या साली इथं बसणार आहेत. तोवर ही जागा एका बोटानंही सरकणार नाही." मला फुलांचे शेकडे मोजता येत नव्हते. कोणाला चार फुलं जास्त गेली, कोणाला कमी, एका बाईनं तर मला 'येडी का काय' म्हणून दुप्पट उचलली. पण जागा तसूभर हलू दिली नाही. दुपारनंतर बहिरूच मला पाणी देत होता.

पाट्या रिकाम्या झाल्या तशी मी दवाखान्यात गेले. बोटं केशरी झाली होती, साडीला पाकळ्या चिकटल्या होत्या. सासूबाई कॉटवर मांडी घालून बसल्या होत्या. पाय उतरले होते. हिरामण स्टुलावर होते, आणि कॉटशी गोजराकाकू, नवं लुगडं नेसून, आपट्याची पानं आणि झेंडूची परडी घेऊन आलेल्या.

मला बघून काकूंनी तोंड फिरवलं. मग परडीतली फुलं बाजूला करून त्यांनी खालून एक बाटली काढली. पिवळी. भरलेली.

"धनराज डाक्टरकून करून आणली," त्या सासूबाईंना म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता, त्यात खोटं काही नव्हतं. "ह्या लोकांनी दोन दिसात एक बाटली लावली नाय तुमाला, बाई. निसती मुतायची अवषधं. दसऱ्याची बाटली चुकवू नाय. ती वार्डातली पोरगी हाय ना नरस, तिला सांगू, लावंल."

मी पुढे झाले. पण सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि बाटली घेतली. खिडकीशी, मावळतीच्या उजेडात धरली. खरंच सुरेख पिवळी होती. त्या तिच्याकडे मोठ्या आवडीनं बघत होत्या. औषधं, तपासण्या, मी बोललेलं सगळं एकीकडे आणि ही एवढ्या वर्षांची सवय एकीकडे. त्यांनी 'लावा' म्हटलं असतं तर मी पुन्हा भांडले असते, पण मला खूप वाईट वाटलं असतं.

"गोजरे," त्या म्हणाल्या, "बाटली झ्याक हाय."

"हाय ना?"

"पण मला बुडायचं नाय." आणि त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. "घे. तुला ओतता येती."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी बाटली घेऊन वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, कात्रीनं तिचं तोंड कापलं आणि ती उलटी धरली. मागून सासूबाईंचा आवाज आला, साऱ्या वॉर्डाच्या माना वळतील असा.

"सगळी ओत, थेंब ठिवू नको, आन् गोजरे, तू ती सोन्याची पानं दे नि घरी जाऊन माझ्या कोंबड्या कोंड, रडत काय बसली, आन् हिरामण, हिला परत घराबाहेर काढायची भाषा केली तर आधी तुला काढीन, आन् तू गं नरसबाई, माझ्या जाग्यावर बसली तवा शेकडा काय भावानं घातला ते मला आधी सांग!"

हे सगळं त्या एका दमात बोलल्या.